शिक्षक घडवणाऱ्यांच्या अडचणी



शेतकरी बियाणे घ्यायला बाजारात गेला, म्हणजे दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. हे बी कोठले? तयार कोणी केले? गेल्या साली कोणाच्या रानात पेरले होते आणि उगवण कशी झाली? हे विचारणे योग्यच आहे. बी फसले तर हंगाम गेला आणि गेलेला हंगाम परत येत नाही. परंतु आपल्या गावच्या शाळेत नवे गुरुजी किंवा नव्या बाई रुजू झाल्या, म्हणजे आपण काय विचारतो? गाव कोणते, राहणार कोठे, बिऱ्हाड कधी आणणार? फार झाले तर शिक्षण किती, एवढेच. शिकवायला ते कोठे शिकले, त्यांना कोणी शिकवले, नोकरीपूर्वी त्यांचा एखादा पाठ कोणी मन लावून पाहिला होता का, हे कोणी विचारत नाही.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे, ते ह्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी. शिक्षकांना शिकवणारा एक वर्ग आपल्या समाजात आहे. प्राथमिक शाळेसाठी आपण जिला अजूनही डी.एड. म्हणतो ती पदविका, आणि माध्यमिक शाळेसाठी बी.एड. ही पदवी. हे शिक्षण देणाऱ्यांना अध्यापकाचार्य म्हणतात. शब्द मोठा भारदस्त आहे. परंतु ह्या आचार्यांचे रोजचे काम कसे चालते, ते कोठे अडते, आणि ते अडले म्हणजे त्याचा फटका आपल्या मुलांना कसा बसतो, हे पाहण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, मुंबईच्या उपनगरातल्या कॉलेजांच्या अडचणी आम्हां खेडेगावच्या माणसांना कशाला सांगता? त्याचे कारण असे. जिल्हा परिषदांच्या शाळांतली शिक्षकभरती आता ‘पवित्र’ नावाच्या पोर्टलमार्फत राज्यभर एकत्र होते. आज मुलुंडच्या एखाद्या शाळेत सराव पाठ घेणारी मुलगी उद्या आपल्या तालुक्यातल्या दोन शिक्षकी शाळेत रुजू होऊ शकते. तिचे शिकणे अर्धवट राहिले, तर ते अर्धवटपण ती बरोबर घेऊन येणार आणि ते आपल्या मुलांच्या वाट्याला येणार. तेव्हा हा प्रश्न जितका मुलुंडचा, तितकाच आपल्या गावचाही आहे.

आता मुख्य अडचण कोणती ती पाहू. वैद्यकीय महाविद्यालयाला रुग्णालय जोडलेले असते. डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी सकाळी व्याख्यान ऐकतो आणि लगेच रुग्णांच्या खाटेपाशी उभा राहतो. त्याला शिकवणारे प्राध्यापक स्वतः रोगी तपासत असतात. कृषी महाविद्यालयाला शेत असते. सुताराचा शागीर्द तर उस्तादाच्या हाताखालीच रंधा धरतो. मग अध्यापक महाविद्यालयाला काय असायला हवे? अर्थातच शाळा. जुन्या ट्रेनिंग कॉलेजांना जोडून अशी शाळा असे; तिला प्रॅक्टिसिंग स्कूल म्हणत. आज अशी स्वतःची, हक्काची शाळा फारच थोड्या महाविद्यालयांना आहे. बाकीच्यांचे खरे काम चालते ते दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याच्या वेळापत्रकानुसार आणि दुसऱ्याच्या मर्जीने. तेथे अध्यापकाचार्य पाहुणे असतात, आणि पाहुण्याने घरातली व्यवस्था बदलायला सांगायची नसते!

ह्याचा अर्थ व्यवहारात काय होतो? समजा, घाटकोपरच्या एका महाविद्यालयात एक अध्यापकाचार्य आहेत. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीप्रमाणे ह्या दोन वर्षांत छात्राध्यापकाने वीस आठवडे शाळेत घालवायचे असतात. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. योजना चांगलीच आहे. परंतु शंभर विद्यार्थ्यांना एकच शाळा सामावून घेत नाही. म्हणून दहा एका शाळेत, आठ दुसऱ्या, बारा तिसऱ्या, अशी वाटणी करावी लागते; आणि प्रत्येकाला आपल्या घराजवळची शाळा हवी असते. आपल्या अध्यापकाचार्यांच्या वाट्याला मुलुंड, अंधेरी आणि बोरिवली आली, असे धरा.

ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांना सांगतो. ह्या शहरात दोन लोहमार्ग एकमेकांना जवळजवळ समांतर उत्तरेकडे जातात. पश्चिमेच्या मार्गावर अंधेरी आणि बोरिवली, मध्य रेल्वेच्या मार्गावर घाटकोपर आणि मुलुंड. जून २०१४ मध्ये घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली तेव्हा आडवे जाणे पुष्कळ सोपे झाले. तत्पूर्वी बसने रखडत तरी जावे लागे, नाही तर दादरला वळसा घालावा लागे. तरीसुद्धा मुलुंडची सकाळची शाळा सातला गाठायची, तेथे दोन पाठ पाहायचे, पाच स्टेशने मागे घाटकोपरला यायचे, मेट्रोने अंधेरीची दुपारची शाळा धरायची, तेथून लोकलने बोरिवलीला जायचे, म्हणजे दिवसाचा मोठा भाग प्रवासातच जातो. आणि गंमत अशी, की कामाचा हिशेब लिहिताना महाविद्यालयात घेतलेली व्याख्याने मोजली जातात. हा फिरतीचा वेळ मात्र सहसा कोठेच धरला जात नाही.

बरे, धापा टाकत शाळेत पोचावे, तर मुख्याध्यापक म्हणतात, “सर, आज स्नेहसंमेलनाची तालीम आहे, तास होणार नाही.” किंवा असे होते, की शाळेतल्या दोन शिक्षकांना निवडणुकीच्या कामाला लावलेले असते, मग आपली छात्राध्यापिका सकाळपासून एकटीच तीन वर्ग सांभाळत बसलेली असते. तिला शिकायला पाठवलेले असते आणि ती राबत असते बदलीवर. ह्यात मुख्याध्यापकांना दोष देता येत नाही, हे मी आवर्जून सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांना लावण्याची मुभा ठेवली आहे. शाळेत माणसे कमी, वर्गात साठ मुले, वर्ग मोकळा सोडता येत नाही. अशा वेळी दारात उभा असलेला तरुण उमेदवार कामाला लावण्यावाचून ते तरी काय करतील?

आता, पाठ झाला असे समजू. अध्यापकाचार्य मागच्या बाकावर बसले आहेत. सहावीचा वर्ग. विषय गणित, घटक अपूर्णांकांची बेरीज. छात्राध्यापिका फळ्यावर लिहिते, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. एक मुलगा पटकन सांगतो, “दोन पंचमांश!” वरच्या अंकांत वरचे मिळवले, खालच्यांत खालचे; त्याच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. छात्राध्यापिका म्हणते, “चूक. खाली बस. कोण सांगेल?” दुसरी मुलगी नियम म्हणून दाखवते, सहा हा छेद येतो, उत्तर पाच षष्ठांश येते, आणि पाठ पुढे सरकतो.

श्रोते हो, शिक्षक घडवण्याचे सगळे काम ह्या एका क्षणात सामावलेले आहे. तो मुलगा ‘दोन पंचमांश’ का म्हणाला? त्याच्या मनात काय चालले होते? त्याच्यापुढे अर्धी भाकरी ठेवली असती आणि त्यात आणखी एका भाकरीचा तिसरा हिस्सा घातला असता, तर ती वाढली असती की कमी झाली असती? दोन पंचमांश म्हणजे तर अर्ध्याहूनही कमी! अर्ध्या भाकरीत भर घातली आणि ती घटली, असे कसे होईल? एवढा एक प्रश्न त्या मुलाला विचारला असता, तर तो स्वतःच हसला असता आणि आपले उत्तर पुसून टाकता झाला असता. पाठ संपल्यावर त्या छात्राध्यापिकेशी हे दहा मिनिटे बोलणे, तिला रागे न भरता तिच्याकडूनच ते वदवून घेणे, हे अध्यापकाचार्यांचे काम. ते पुस्तकात वाचून येत नाही आणि व्याख्यानानेही साधत नाही. ते पाठ पाहिल्यावरच, त्याच दिवशी, ताजेपणी करावे लागते.

परंतु ही दहा मिनिटे आणायची कोठून? तास संपताच छात्राध्यापिकेला दुसऱ्या वर्गावर जायचे असते, अध्यापकाचार्यांना गाडी पकडायची असते. हातात निरीक्षणाचा छापील तक्ता असतो. प्रस्तावना, प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखन, शैक्षणिक साधने, वेळेचे नियोजन. प्रत्येकापुढे गुणांची चौकट. ‘दोन पंचमांश’ म्हणणाऱ्या मुलासाठी त्या तक्त्यात चौकट नसते. मग ‘फलकलेखन सुवाच्य’, ‘साधनांचा वापर चांगला’, असे शेरे भरले जातात. कागद पूर्ण होतो आणि शिक्षण अपुरे राहते.

उपनगरांत ह्याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. मुंबई महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तामिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. खाजगी शाळांत इंग्रजी माध्यमाचा भरणा. आता मराठी माध्यमातून शिकलेली छात्राध्यापिका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत उभी राहते. समोरच्या मुलांत कोणाच्या घरी भोजपुरी, कोणाच्या घरी गुजराती, कोणाच्या घरी कोकणी. शिक्षिकेची भाषा एक, पुस्तकाची दुसरी, मुलाची तिसरी! अशा वर्गात विज्ञान कसे शिकवावे, हे तिला शिकवणाऱ्याला तरी कोणी शिकवले आहे काय? खेड्यातल्या शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. आदिवासी पाड्यावरच्या शाळेत पहिल्या दिवशी उभे राहिलेल्या गुरुजींना तो पुरेपूर ठाऊक असतो.

आता माणसांचा हिशेब पाहा. प्रत्येक वर्षी शंभर, म्हणजे दोन वर्षे मिळून दोनशे विद्यार्थ्यांना सोळा पूर्णवेळ अध्यापक हवेत, असे २०१४ ची नियमावली सांगते. सोळा असतील, तर दुसऱ्या वर्षाचे सहा-सात छात्राध्यापक एकेकाच्या वाट्याला येतात. मनात आणले तर प्रत्येकाचे पाठ नीट पाहता येतात. पण जागा रिकाम्या राहिल्या आणि माणसे सातच उरली, की हाच आकडा चौदावर जातो. आणि त्याच वेळी पहिल्या वर्षाच्या शंभरांची व्याख्यानेही सांभाळायची असतात. रिकाम्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे, अशा बोलीने नेमणूक होते. पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने बोरिवलीच्या मुख्याध्यापकांशी ऋणानुबंध जोडावा तरी कशाच्या भरवशावर?

विनाअनुदानित संस्थांत चिंता आणखी वेगळी. २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती वर्षानुवर्षे थांबली. नोकरी नाही म्हटल्यावर डी.एड.कडे मुले वळेनात आणि अनेक अध्यापक विद्यालये बंद पडली. विद्यार्थी नाहीत तर पगार नाही, अशी जेथे स्थिती, तेथे गैरहजर विद्यार्थ्याला ‘तुझे पाठ झाले नाहीत, तुला प्रमाणपत्र मिळणार नाही’ असे सांगण्याचे बळ अध्यापकाच्या अंगी येणार कोठून? हे दुखणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले होते, आणि त्याचा उगम आपल्याच महाराष्ट्रात होता. राज्यातल्या २९१ संस्थांच्या डी.एड. मान्यतेचा वाद न्यायालयात गेला, आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. देशातल्या दहा हजारांहून अधिक एकेकट्या अध्यापक शिक्षणसंस्थांपैकी बहुसंख्य संस्था खऱ्या शिक्षणाचा प्रयत्नसुद्धा करीत नाहीत, तर पैसे घेऊन पदव्या विकतात, असा त्या आयोगाचा निष्कर्ष २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट शब्दांत उद्धृत केला आहे. हे वाचून प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांना वाईट वाटते. पण दुकाने वाढली, तेव्हा सचोटीच्या दुकानदाराचेही गिऱ्हाईक तुटले, हेही खरे आहे.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असे मात्र नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशाने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले. मुलांची शाळेत रीघ लागली, तेव्हा हजारो अप्रशिक्षित तरुणांना शिक्षक म्हणून घ्यावे लागले. त्यांना तीन महिने कॉलेजात आणि पुढचा काळ शाळेतच काम करता करता शिकवायचे, अशी योजना १९९७ पासून आखली गेली. परंतु त्यांचे पाठ पाहायला माणसे आणि वाहने पुरेनात. भेटी ठरल्या त्याहून कमी झाल्या. म्हणजे तेथेही गाडे अडले ते पाठ पाहण्याच्या ठिकाणीच. उलट फिनलंडसारख्या देशात विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत, आणि तेथल्या शिक्षकांच्या नोकरीतच छात्राध्यापकांना मार्गदर्शन करण्याचे काम धरलेले असते.

मग आपल्याकडे हे कोणाला सुचलेच नव्हते काय? सुचले होते, आणि तेही कधीच! १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ साली अहवाल दिला. कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. अध्यापक शिक्षण हे विद्यापीठापासून तुटले आहे, शाळांपासून तुटले आहे आणि ह्या संस्था एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे त्या अहवालाने दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून चांगल्या शाळा निवडून त्यांना ‘सहकारी शाळा’ असा दर्जा द्यावा, साहित्यासाठी आणि पर्यवेक्षणासाठी अनुदान द्यावे, आणि शाळेतले शिक्षक व महाविद्यालयातले अध्यापक ह्यांची अधूनमधून अदलाबदल करावी, असे सुचवले होते. त्याला आता साठ वर्षे होत आली. ही सूचना काही खर्चिक नव्हती. तरी उपनगरातली महाविद्यालये आजही दर जूनमध्ये हातात विनंतिपत्र घेऊन शाळाशाळांचे उंबरठे झिजवीत आहेत.

आणि शाळेच्या कुशीत शिक्षक घडवून दाखवणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली. ताराबाई मोडक ह्यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे पाड्यावरच्या मुलांसाठी अंगणवाडी भरे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरे, आणि बालशिक्षिकांचे शिक्षणही त्याच वातावरणात चाले. शिकवणाऱ्या स्वतः मुलांत बसत. ‘असे करा’ असे सांगण्यापेक्षा ‘मी करते ते पाहा’ असे म्हणण्याची त्यांची तयारी होती. अध्यापकाचार्याच्या शब्दाला वजन येते ते अशाने. आज नेमणूक करताना पदव्या पाहतात, पात्रता परीक्षा पाहतात; पण ह्या माणसाने मुलांपुढे किती वर्षे काढली, हा प्रश्न मागे पडतो.

तेव्हा काय करावे? सगळे एकदम बदलेल, असे मी म्हणत नाही. पण चार गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट मुख्याध्यापक आणि शिक्षक बंधुभगिनींसाठी. आपल्या शाळेत छात्राध्यापक आला, की त्याला रिकाम्या वर्गावर एकटे पाठवू नका. निदान पहिले काही आठवडे त्याला आपल्या वर्गात मागे बसू द्या, मग आपण मागे बसा. पाठ संपल्यावर दहा मिनिटे त्याच्याशी बोला. आपल्याला वीस वर्षांत जे उमगले, ते त्याला पहिल्या वर्षी मिळेल.

दुसरी महाविद्यालयांसाठी. दहा ठिकाणी पांगण्यापेक्षा जवळच्या तीन-चार शाळांशी कायमचे नाते जोडावे. प्रत्येक अध्यापकाचार्याने आठवड्यातून एक तास तरी त्या शाळेत स्वतः वर्ग घ्यावा, आणि तो छात्राध्यापकांनी पाहावा. पाठ फसला तर फसू द्यावा. तोसुद्धा धडाच आहे.

तिसरी शासनासाठी आणि विद्यापीठांसाठी. पाठ पाहण्याचा, त्यावर बोलण्याचा आणि त्यासाठी फिरण्याचा वेळ हा कामाचा वेळ म्हणून मोजावा, रिकाम्या जागा भराव्यात, आणि सहकारी शाळांची ती जुनी सूचना कपाटातून बाहेर काढावी.

आणि चौथी गोष्ट गावकऱ्यांसाठी. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते आणि तीत पालकांची संख्या मोठी असते. पुढच्या सभेत खोल्या, पाणी आणि पोषण आहार हे विषय झाले, की आणखी एक प्रश्न विचारा. आपल्या शाळेत शिकाऊ शिक्षक येतात काय? आले, तर त्यांचे पाठ कोण पाहतो, आणि पाहून त्यांच्याशी कोण बोलतो? हा प्रश्न गावोगावच्या सभांतून विचारला जाऊ लागला, तर शहरातल्या महाविद्यालयांनाही त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

‘दोन पंचमांश’ म्हणणारा मुलगा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत आहे. त्याला नुसते ‘खाली बस’ म्हणणारा शिक्षक मिळणार, की ‘असे का म्हणालास, सांग बरे’ असे विचारणारा मिळणार, हे पुष्कळसे त्या शिक्षकाला कोणी आणि कसे शिकवले, ह्यावर ठरते. म्हणून शिक्षकांच्या ह्या शिक्षकांकडे आपण सर्वांनी थोडे लक्ष पुरवावे, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.